पायांची तपासणी

आमच्या गावात माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. पलटणीत तीस जवानांना एका आवाजात उभे करणारा हा हवालदार म्हातारपणी इतका नरमला, की रोज सकाळी अंगणात बायकोच्या पाया पडतो. डेअरीला दूध घालायला जाणाऱ्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, असा दाखलाही दिला जातो. पाहिले असेल. पण पाहिलेल्याचा अर्थ लावण्याची अक्कल दुधाच्या किटलीबरोबर मिळत नाही, एवढेच मी म्हणेन.

मी पाया पडत नाही, पाय तपासतो. पायदळात याला फूट इन्स्पेक्शन म्हणतात. लांबची चाल संपली, की जवान बूट-मोजे उतरवून ओळीने बसतात आणि हवालदार एकेकाचा तळवा हातात घेऊन पाहतो. फोड आला आहे का, बोटांमधली कातडी ओली पडली आहे का, नखाखाली रक्त साकळले आहे का, हे पाहायचे. जवान तोंडाने काय सांगतो, याला तेथे किंमत नसते. जो सर्वांत आधी 'ठीक है, साब' म्हणेल त्याचाच पाय सर्वांत आधी उचलायचा, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवले होते. त्याही आधी ते मी वडिलांकडून शिकलो होतो. आमचे घर माण तालुक्यातले, मेंढरांवर जगलेले. ओल्या रानातून कळप परतला, की वडील एकेक मेंढरू उताणे करून त्याचे खूर बघत. मेंढरू लंगडेपर्यंत थांबणारा माणूस त्यांच्या लेखी मेंढपाळच नव्हता.

पाय पाहण्याची विद्या अशी आमच्या घरात दोन पिढ्यांची. आणि तरीही जे दोन पाय उभा जन्म माझ्या घरात राबले, ते मी पाहिले नाहीत. ही हकिकत त्या पायांची आहे.

ती सध्या तीन प्रकारे सांगितली जाते आणि तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. एसटी स्टँडासमोरच्या टपरीवर आम्हा माजी सैनिकांची बैठक भरते. तिथली मंडळी सांगतात, "हवालदारानं साताऱ्याच्या दवाखान्यात असा आवाज टाकला, की डाक्टरच्या हातातलं पेन खाली पडलं, अन् तिथल्या तिथं सांगलीच्या मोठ्या दवाखान्याचा कागद निघाला." माझा मेहुणा सांगलीजवळच्या कुपवाडला लेथवर काम करणारा, स्वतःच्या छोट्या वर्कशॉपचा मालक. तो पाहुण्यारावळ्यांत सांगतो, "त्या फुकटच्या दवाखान्यावर ऱ्हायलो असतो तर ताईचा पाय गेला असता. सांगलीला आणून मी वाचवला." तिसरी हकिकत माझ्या पत्नीची आहे. तिच्या मते पाय देवीने वाचवला.

यांपैकी पहिली माझ्या बाजूची असल्यामुळे ती खोडणे मला सर्वांत जड जाते. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आमचा मुलगा माझ्यानंतर त्याच पलटणीत भरती झाला. दोन वर्षांपूर्वी त्याची तुकडी बर्फातल्या एका उंच चौकीवर गेली. त्या दिवशी पत्नीने देवीपुढे सांगितले, की पोरगे खाली उतरून उंबऱ्यात पाय ठेवीपर्यंत मी पायात काही घालणार नाही, आणि तो आला की वेशीपासून टेकडीवरच्या तुझ्या देवळापर्यंत अनवाणी चालत येईन. आमच्या भागात जवानांच्या आया आणि बायका असे नवस बोलतात. पूर्वी ती माझ्यासाठीही असा नवस बोलली होती. तिला कित्येक वर्षांचा मधुमेह आहे, हे मला ठाऊक होते. तरीही मी अडवले नाही. खरे लिहायचे, तर मला तिच्या अनवाणी पायांचा अभिमान वाटत होता आणि टपरीवर तो मी बोलूनही दाखवत होतो.

साताऱ्यात आम्हा माजी सैनिकांसाठी दवाखाना आहे. तेथून दर महिन्याला तिच्या आणि माझ्या गोळ्या आणायच्या. दोघांची कार्डे खिशात घालून मी दहिवडीहून एसटीने एकटाच जात असे. ती घरी शेरडांपाशी. गोळ्यांच्या खिडकीवर एक परिचारिका बसते. ती स्वतः एका जवानाची विधवा. वय माझ्या मुलीएवढे. पण जीभ सुभेदार मेजरची.

"काका, काकूंना याही वेळी आणलं नाही?"

"ती ठीक आहे."

"त्यांचे पाय कुणी बघितलेत का? शुगर आहे त्यांना."

"माझ्यापेक्षा जास्त चालते ती."

"रिपोर्ट तुमचा आणि शुगर त्यांची. असं कसं चालेल, काका?"

असे दोन-तीन महिने चालले. मग एके दिवशी तिने माझ्या गोळ्या पूर्ण महिन्याच्या दिल्या आणि पत्नीच्या पंधराच दिवसांच्या. "पुढच्या गोळ्या काकूंच्या हातात देणार," म्हणाली.

तेव्हा मी ओरडलो. टपरीवरच्या मंडळींचे तेवढे बरोबर आहे. बाकांवरची माणसे माना वळवून पाहू लागली, इतका ओरडलो. परंतु सांगलीच्या कागदाचा त्या वेळी प्रश्नच नव्हता. मी ओरडलो ते बायकोला न दाखवता तिच्या महिनाभराच्या गोळ्या मिळाव्यात म्हणून. आणि कोणाच्याही हातातले पेन पडले नाही. डॉक्टरसाहेब पेन खिशाला लावूनच बाहेर आले. तेही लष्करातूनच निवृत्त झालेले. माझ्यापेक्षा वयाने थोडे मोठे. त्यांना पाहताच माझ्या टाचा आपोआप जुळल्या.

"हवालदार, पलटणीत जवान न मोजता हजेरी दिलीत कधी?"

"नाही, साहेब."

"मग दर महिन्याला आम्हाला काय देताय?"

त्यांनी मला पाणी दिले, बसायला खुर्ची दिली आणि पुढचा रुग्ण आत बोलावला. परतीच्या एसटीत तो प्रश्न दहिवडीपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर बसून होता. दुसऱ्याच दिवशी पत्नीला घेऊन मी साताऱ्यास गेलो. जरबेने काम झाले असेल, तर ते त्यांच्या जरबेने झाले.

ती अनवाणीच आली. उजव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. ती चिंधी मी आठवडाभर पाहत होतो. "बाभळीचा काटा लागलाय," असे तिने सांगितले आणि मी ते ऐकून घेतले होते.

डॉक्टरांनी तिला विचारले, "काय त्रास होतो?"

"काही नाही, साहेब," मी म्हणालो.

हे उत्तर कुठून आले, ते सांगितले पाहिजे. फौजेत वार्षिक वैद्यकीय तपासणी असते. तीत काही निघाले, तर माणसाची श्रेणी खाली येते आणि बढती अडते. त्यामुळे डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत जवान 'कोई तकलीफ नहीं, साब' म्हणून मोकळा होतो. माझा डावा गुडघा नाईकाच्या हुद्द्यावर असल्यापासून दुखतो. पण तो सरकारी कागदावर कधीही दुखला नाही. पत्नीचीही तालीम याच प्रकारची. मी सीमेवर असताना ती शेजारच्या गुरुजींकडून पत्रे लिहून घेई. प्रत्येक पत्रात 'इकडील सर्व खुशाल' हे ठरलेले. एकदा ती तापाने फणफणलेली असताना तिने तेच लिहून घेतले होते, हे मला वर्षभराने कळले. सीमेवरच्या माणसाच्या डोक्याला घोर लावायचा नाही, हा आमच्या घरांतला अलिखित हुकूम. तो हुकूम माणूस घरी परतल्यावरही कोणी मागे घेत नाही.

"हवालदार, पडद्यामागे बसा," डॉक्टर म्हणाले. "आणि आता तुम्ही बोलायचं नाही."

पडद्यामागून मी ऐकत होतो. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले. त्यांच्याकडे नायलॉनचा एक बारीक धागा असतो. त्याचे टोक तळव्याला लावायचे आणि स्पर्श कळतो का, ते विचारायचे.

"कळलं?"

"व्हय, कळलं."

"आता?"

"कळलं की."

"आणि इथं?"

"कळलं, सायब."

मला समाधान वाटले. पाहा, माझा रिपोर्ट खोटा नव्हता. इतक्यात त्यांनी मला खुणेने आत बोलावले आणि ओठांवर बोट ठेवले. पत्नीचे डोळे मिटलेलेच होते. धागा त्यांच्या हातात होता आणि तिच्या पायापासून वीतभर दूर, हवेत होता.

"कळलं, काकू?"

"व्हय, सायब. कळलं."

परिचारिकेने चिंधी सोडली. अंगठ्याखाली खोल जखम होती. करंगळी काळी पडली होती. वास येत होता. तिला यातले काहीही दुखत नव्हते, आणि हेच सर्वांत वाईट असते, असे डॉक्टरांनी मला समजावले. जो पाय दुखत नाही, तो स्वतःला वाचवत नाही.

"काकू, खोटं का सांगितलं?" परिचारिकेने विचारले.

"कळत न्हाई म्हटलं असतं, तर तुमी चप्पल घालाय लावली असती. पोरगं अजून वरच हाय."

ती परिचारिका मग फरशीवर मांडी घालून बसली. तो पाय तिने स्वतःच्या मांडीवर घेतला, धुतला आणि कापूस घालून पोटरीच्या निम्म्यापर्यंत जाड बांधला. "हे घ्या. ही चप्पल नव्हे, ही पट्टी. देवीला चालते." पत्नी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच हसली. डॉक्टरांनी सांगलीच्या रुग्णालयात स्वतः फोन केला, कागद केला, आणि तासाभराच्या आत आम्ही रुग्णवाहिकेत होतो. चालक जुना सैनिक. वाटेत मलकापुरात गाड्या तुंबल्या, तेव्हा तो खाली उतरून ट्रकवाल्यांना असा बाजूला करत होता, की मी पत्नीला म्हणालो, "ही खरी जरब बघ."

आता मेहुण्याची हकिकत. त्याने तिला सांगलीला आणले नाही. आम्ही पोहोचलो, तेव्हा तो रुग्णालयाच्या दारात उभा होता आणि माझ्यावरच तापला होता.

"दाजी, तीस जणांची पलटण सांभाळली म्हणता, अन् एक बायको संभाळता आली न्हाई तुमास्नी?"

"आवाज खाली कर. रुग्णालय आहे."

"तुमी मला शिकवू नगा. फुकटच्या गोळ्या खाऊन ही दशा झालीया."

'फुकट' हा शब्द मी त्या दिवशी प्रसंग पाहून सोडून दिला. येथे सोडणार नाही. गोळ्यांनी काहीही बिघडले नव्हते. बिघडवले होते ते गोळ्या आणणाऱ्याने. आणि तो उपचार फुकटचा नव्हता, हक्काचा होता. माझी तरुण वर्षे आणि तिची एकटीची वर्षे त्यात आधीच जमा आहेत. मात्र हक्काची वस्तूही खिडकीतून फेकता येते किंवा हातात ठेवता येते. आम्हाला ती नेहमी हातात ठेवलेली मिळाली. आमचा मुलगाही छावणीतल्या लष्करी रुग्णालयातच जन्मला. मी ड्यूटीवरून चिखलाच्या बुटांनी वॉर्डात शिरलो, म्हणून तिथल्या मेट्रनने मला हाकलून दिले, आणि बूट काढून परत आलो तेव्हा त्याच बाईंनी मूल माझ्या हातात दिले. तिकडच्या थंडीने पत्नीला ताप भरला, तर तिची भाषाही न कळणाऱ्या त्या बाई तीन दिवस तिच्या उशाशी बसून होत्या. हे मेहुण्याला ठाऊक नाही. ठाऊक करून घेण्याची इच्छाही नाही.

त्याचे श्रेय मात्र मी बुडवणार नाही. आम्ही सांगलीत होतो तितके दिवस लेथ बंद करून तो दुपारी दुचाकीवरून यायचा आणि ज्वारीच्या भाकरीचा डबा बहिणीसमोर उघडायचा. मी जेवलो की नाही, हे विचारायचा नाही. पण डब्यात भाकऱ्या नेहमी दोघांच्या असायच्या. ते श्रेय डब्याचे आहे. पायाचे नाही.

तिथल्या सर्जनने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. "करंगळी जाणार. पाय ठेवता येईल की गुडघ्याखालून काढावा लागेल, ते उद्या सकाळी सांगतो. रक्त कुठवर पोचतंय, ते तपासायला हवं."

त्याच दुपारी चौकीवरून मुलाचा फोन आला. तो आठवड्यातून एकदा येत असे. पत्नीने पलंगावरूनच हात हलवला. "त्याला काय सांगू नगा. समदं खुशाल हाय म्हणा."

फोन माझ्या कानाशी होता.

"आप्पा, आई कशी हाय?"

जन्मभराचे उत्तर तयार होते. परंतु त्या सकाळी हवेत धरलेला धागा मी पाहिला होता. मी म्हणालो, "बरी न्हाई. पायाला जखम झालीया. एक बोट जाणार. पायाचं उद्या कळंल. आमी सांगलीला हाय."

पत्नीने तोंड भिंतीकडे फिरवले.

"आप्पा," मुलगा म्हणाला, "आजवर तुमी मला असलं कवा सांगितलं न्हाई."

"न्हाई सांगितलं. चुकलं."

"मग मीबी सांगतो. डाव्या हाताच्या दोन बोटांना गारठा लागलाय. चार दिस झालं. निळी पडल्यात. मी हातमोज्यातच ठेवलीत."

चौकीच्या डॉक्टरसमोर त्याने काय म्हटले असेल, हे मला विचारावे लागले नाही. मी त्याला एकच सांगितले, "आत्ता जा अन् हातमोजा काढून दाखव. बाप म्हणून सांगत न्हाई. हुकूम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन हसतच आले. रक्त पोहोचत होते. करंगळी गेली, आजूबाजूचे काही मांस गेले, पाय राहिला. मुलाला हेलिकॉप्टरने खाली आणले होते आणि लष्करी रुग्णालयात दाखल केले होते. त्याचीही बोटे वाचली. आणखी दोन दिवस लपवली असती, तर वाचली नसती, असे तेथील डॉक्टरांनी त्याला सुनावले. पत्नीला हे कळले, तेव्हा ती मला म्हणाली, "बघा. देवीनं खाली आणला का न्हाई?"

या तिसऱ्या हकिकतीशी माझे भांडण अजून चालू आहे. मी म्हणतो, धाग्याने आणला. ती म्हणते, धागा धरणाऱ्या हातात कोण होतं? यावर मी साताऱ्याच्या डॉक्टरांचे नाव घेतो आणि ती मान डोलावते, जणू मी तिच्याच बाजूने बोललो.

जखम भरायला काही महिने लागले. मलमपट्टीसाठी साताऱ्याच्या त्याच दवाखान्यात जायचो. तेथून तिच्या पायाच्या मापाच्या मऊ चपला मिळाल्या. 'पोरगं बर्फातनं खाली उतरलंच की,' म्हणत तिने त्या घातल्या, आणि परिचारिकेने माझा वर्ग घेतला. रोज सकाळी उजेडात तळवे पाहायचे, बोटांमधली जागा कोरडी करायची, चपलेत पाय घालण्याआधी आत हात फिरवून खडा पाहायचा.

"हे काम तुमचं, काका. काकूंना विचारायचं नाही, बघायचं."

"तीस जणांचं केलंय मी हे."

"मग एकतिसाव्याचंही जमेल."

तेव्हापासून रोज सकाळी ती अंगणातल्या खुर्चीवर बसते आणि मी पाटावर. मी पाय उचलला, की ती म्हणते, "मेंढराचं खूर बघितल्यागत काय बघताय?" मी म्हणतो, "बोलू नको, उताणी पडशील." दूधवाल्यांना जे दिसते, ते हे आहे.

मुलगा रजेवर आला, उंबऱ्यात त्याने पाय ठेवला, आणि नवस फेडायचा दिवस उगवला. वेशीपासून टेकडीवरच्या देवळापर्यंत अनवाणी चालायचे, असे ठरलेले. पत्नी वेशीवर चपला काढू लागली. मी 'नाही' म्हणालो. ती ऐकेना. मुलगा दोघांच्या मध्ये उभा राहून बांधलेली बोटे चोळत होता. शेवटी मी खाली बसलो आणि माझे बूट काढले. "नवस घराचा हाय," मी म्हणालो. "घरातल्या कुणाचंबी पाय चालतील."

ती बराच वेळ माझ्या पांढऱ्या तळव्यांकडे पाहत राहिली, मग चपला घालूनच पुढे निघाली. वाट सगळी कुसळांची आणि दगडगोट्यांची. गावात त्या दिवसापासून एक चौथी हकिकत सुरू झाली, की हवालदार देवभोळा झाला. तीही चूक आहे. मी देवळात हात जोडले नाहीत. पायऱ्यांवर बसून राहिलो, कारण पुढे चालवत नव्हते.

घरी आल्यावर तिने मला खुर्चीवर बसवले आणि स्वतः पाटावर बसली.

"पाय दावा."

"काय न्हाई. ठीक..." मी बोलायला लागलो आणि थांबलो. "डाव्या टाचंत काटा हाय. देवळापासनं टोचतोय. अन् त्याच पायाचा गुडघा दुखतो."

"कवापासनं?"

"तू गुरुजींकडनं पयलं पत्र लिवून घेतलंस तवापासनं."

तिने सुई आणली, काटा काढला आणि मला दाखवला.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघे साताऱ्याच्या त्या खिडकीपाशी उभे राहिलो. परिचारिकेने दोन्ही कार्डे घेतली, पत्नीच्या पायाकडे वाकून पाहिले आणि मग मला विचारले, "आणि काका, तुम्हाला काही त्रास?"

"गुडघा," पत्नी म्हणाली. "डावा. लय वर्सांचा. आत घ्या त्यास्नी."

मी तिचे म्हणणे खोडले नाही.